भत्त आणि भत्ता

माझ्या कारखान्यात भत्ता हा शब्द कुणी काढत नाही. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची शेड आणि तिच्यात तेलाचे डबे बनवणारी मोजकी माणसं. पगारात भर हवी असली की ती माझ्यासमोर येऊन उभी राहतात आणि विचारतात, "मालक, औंदा वरचं काय करताय?" म्हाताऱ्याला भत्ता म्हटलं की चावतं, असं आपसात हसतात. हसू देत. मी भांडखोर आहे हे मला मान्य आहे. भांडलो नसतो तर अजून कुणाच्या तरी गिरणीत पोती उतरवत बसलो असतो. पण एका भांडणाचा शीण अजून अंगातून गेलेला नाही. त्यात मी काय मागितलं, कुणी काय केलं आणि नाव कुणाचं झालं, हे एकदा सांगून टाकायचं आहे.

रेशन उठल्यानंतरची गोष्ट. संस्थान जाऊन कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं त्याला काही वर्षं झाली होती, तरी कचेरीत काम अडलं की म्हातारी माणसं अजून 'दरबारात सांगतो' म्हणायची. मी तेव्हा स्टेशनच्या बाजूच्या एका तेलगिरणीत होतो. घाण्यावर, बॉयलरवर आणि गोदामात आम्ही पुरुष. आमची हजेरी लागायची. मागच्या अंगणात शेंगा फोडून दाणे निवडणाऱ्या बायका असायच्या. त्यांची हजेरी नव्हती. निवडलेल्या दाण्यांची पाटी भरली की त्या पाटीची मजुरी. म्हणून त्यांना सगळे पाटीवाल्या म्हणत. शेंगांच्या गाड्या आल्या की काम, नाही आल्या की घर. बाजारात मात्र ज्वारी, तूरडाळ आणि रॉकेल त्यांनाही आमच्याच भावानं मिळायचं.

कामगारांनी मला पुढं केलं ते माझ्या विचारांमुळे नव्हे. मला कसले विचार! मी रविवारच्या बाजारात दुसऱ्यांच्या म्हशींचे सौदे ठरवून देतो आणि मेथीच्या पेंडीसाठीसुद्धा बाजाराला दोन फेरे मारतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. "तुला तोंड हाय, तू बोल," एवढंच त्यांचं म्हणणं. कायद्याचं बघायला शहरातले एक वकील होते. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं अगदी मुद्द्याला धरून. ते आमच्याकडून काही घेत नसत. हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या चिंचेखाली सभा भरली. पुरुष पुढं, बायका मागं. वकिलांनी समजावून सांगितलं की किमान वेतनाचा कायदा झालाय, त्यात तेलगिरण्याही आहेत, मजुरी अमक्याच्या खाली देता येणार नाही असं आता सरकार ठरवणार. पण सरकारचं ठरेपर्यंत बाजार थांबत नाही. म्हणून आपण मालकाकडे महागाई भत्ता मागायचा. वस्तूंचे भाव चढतील तसा भत्ता चढला पाहिजे, भत्ता हा आपला हक्क आहे, असं ते दोन-तीनदा म्हणाले.

मागून एका बाईनं विचारलं, "त्ये भत्त कुटून देणार, का तसंच?"

वकील थांबले. "काय म्हणालात बाई?"

"न्हाय, कुटून देणार असतील तर बरं हुईल म्हंते. आमच्या वाड्यात उखळ हाय, पर मुसळ न्हाय."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं, कारण मी तिला ओळखत होतो. ती नेसरीकडची. तिचं माहेर त्याच्याही खाली, कानडी मुलखात. तिकडं भाताला, म्हणजे साळीच्या भाताला, भत्त म्हणतात. महागाईच्या दिवसांत मालक भात वाटणार, असं तिनं धरलं होतं आणि तिच्या हिशेबानं त्यात काही चुकीचंही नव्हतं. मी हे मोठ्यानं सांगितलं आणि सगळी सभा हसायला लागली. बॉयलरवाला तर चिंचेला टेकून हसला.

"मावशी, भत्त न्हवं ओ, भत्ता! पैसं, पैसं!"

"संगं डाळबी मागा की मावशी! वरण कोण देणार?"

ती संतापली. "पैसं हाय तर पैसं म्हणा की! भत्त कशाला म्हंता?" आणि पदर खोचून चालती झाली. त्या दिवसापासून गिरणीत तिचं नाव भत्तमावशी पडलं. फाटकातून आत आली की कुणीतरी ओरडायचंच, "मावशी, कुटलेलं का बिनकुटलेलं?"

मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला तम्मा म्हणायची. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. हे नातं कुठंच जुळत नाही, पण आम्ही कधी दुरुस्त केलं नाही. तिचा नवरा वारलेला. एकुलती लेक सासरचा मार खाऊन, तान्हं मूल घेऊन तिच्याकडं आलेली. गावाकडं मावशीचा दीर होता. त्याचा निरोप यायचा, की गावी ये, तुला दोन घास घालीन, पण पोरीला आधी तिच्या घरी पोचवून ये. म्हणजे कोल्हापुरात निभलं तर लेक जवळ राहणार, नाही निभलं तर तिची रवानगी पुन्हा त्याच घरी. तीन तोंडं आणि पाटीची मजुरी. मावशी पाटी भरताना कुणाशी बोलायची नाही. आम्हाला वाटायचं तिला राग आलाय. ती नुसती घाईत असायची.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या कचेरीत गेलो. मालक मूळचे गुळाच्या पेठेतले. तिथं त्या काळी सौद्याचा भाव तोंडानं सांगत नसत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव करायचा. शेजारी उभ्या माणसालाही कळायचं नाही. तेलात येऊन इतकी वर्षं झाली तरी मालकांच्या खांद्यावर तो टॉवेल असायचाच.

"या पुढारी," ते म्हणाले. "आधी च्या घेणार, का आधी भांडणार?"

"भांडून घशाला कोरड पडंल, मालक. तवा घेऊ."

पुरुषांच्या भत्त्यावर आमच्या कित्येक बैठका झाल्या. मी दोनदा उठून गेलो, एकदा त्यांनी मला घालवलं. शेवटी जमलं. मग मी पाटीवाल्यांचं काढलं.

"त्या कुठं माझ्या कामगार हायत? पाटी भरली, पैसं घेतलं, घरी गेल्या."

"मग म्हागाई त्यांच्या घरला जात न्हाय व्हय?"

"ते म्हागाईलाच इचार जाऊन," मालक म्हणाले आणि शेजारी वही लिहीत बसलेला मुनीम खाली मान घालून हसला.

चिंचेखालचं मावशीचं बोलणं माझ्या डोक्यात घोळत होतं. गिरणीच्या मागच्या गोदामात मालकांच्या पन्हाळ्याकडच्या जमिनीचं भात पडून होतं. रेशन उठल्यावर धान्याचा भाव उतरला होता, मनासारखं गिऱ्हाईक येत नव्हतं, उंदीर मात्र रोज येत होते. पोती मीच उतरवली होती, त्यामुळं मला सगळं ठाऊक. मी म्हटलं, "रोख जड जात असंल तर ऱ्हाऊ द्या. बायकांना म्हैन्याच्या म्हैन्याला भात द्या. गड्यांना भत्ता, त्यास्नी भात."

माझा हिशेब सरळ होता. पैसे वाढवून मिळाले तरी दुकानात पोचेपर्यंत त्यातले निम्मे गळून जातात. भाताचं मापटं भाव चढला तरी मापटंच राहतं. बाजार वर जाणार हे मला दिसत होतं. मालकांना दिसत नसावं, असं मला वाटलं.

मालकांनी टॉवेल खांद्यावरून उतरवला. "दे हात."

मी टॉवेल ओढून बाजूला टाकला. "बोटांनी न्हाय, मालक. मुनिमजी ऐकत्यात, तोंडानं बोला."

"लई भ्या वाटतंय माझं?"

"तुमचं न्हाय. टावेलाचं वाटतंय."

ते हसले आणि तोंडानं बोलले. दर महिन्याला प्रत्येक पाटीवालीला ठरलेलं भात. मी चहा घेतला. इतका गोड चहा मी त्या गिरणीत पुन्हा कधी प्यायलो नाही.

तिथून थेट वकिलांच्या घरी गेलो. म्हटलं, कामगार खात्याचे साहेब तडजोड ऐकायला येतील तेव्हा एवढंच करा. बायकांचं भात हे महागाई भत्त्याच्या बदली आहे, असं त्यांच्यासमोर म्हणा, म्हणजे ते पक्कं होईल. वकील म्हणाले, "मजुरी रोखीत द्यायची असा नियम आहे. धान्य म्हटलं की परवानगी आली, परवानगी म्हटली की वेळ आला. सगळीच तडजोड अडकून बसेल. बघू या." ते बघू या मला तेव्हाच आवडलं नव्हतं. बाजारात गिऱ्हाईक बघू म्हणतं तेव्हा ते परत येत नाही.

साहेब आले. कचेरीत खुर्च्या मांडल्या. पुरुषांचं सगळं वाचून झालं, दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. मी पाटीवाल्यांचं काढणार एवढ्यात मालकच म्हणाले, "साहेब, बायकांचं मी कशाला सांगू? त्यांच्यातल्या एकीलाच बोलवून विचारा." आणि त्यांनी भत्तमावशीला बोलावणं पाठवलं.

ती आली ती हात पुसत, पदर डोक्यावरून घेत. साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुमची मागणी काय आहे?"

"भत्त."

"म्हणजे महागाई भत्ता?"

त्या दिवशी चिंचेखाली लोक हसले नसते तर ती व्हय म्हणून गेली असती. पण गिरणीभर तिची थट्टा झाली होती. या दोन शब्दांतला फरक आता तिच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. ती ठासून म्हणाली, "न्हाय न्हाय, साहेब. भत्ता त्यो गड्यांचा. पैशाचा. आमास्नी त्यो नगं. आमास्नी भत्त. भात, भात." आणि या खेपेला आपण चुकलो नाही म्हणून माझ्याकडं बघून हसली.

"बघा, साहेब," मालक म्हणाले. "भत्ता त्या मागतच नाहीत. गोदामात भात आहे, ते मी माझ्या खुशीनं देतोय. घरच्याच बायका आहेत."

मी ओरडलो, "खुशीनं न्हवं! ठरलंय! मुनिमजी, सांगा की!" मुनीम खिडकीबाहेर बघू लागला. साहेब मला म्हणाले, "तुम्ही आधी शांत बसा." मी वकिलांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. खूप वेळ पुसत होते. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर पुरुषांची तडजोड काही महिने लांबली असती, एवढंच. माझ्या मागं उभ्या असलेल्या आमच्या माणसांपैकीही कुणी तोंड उघडलं नाही. उलट बॉयलरवाल्यानं माझा सदरा ओढला, "मर्दा, आपलं झालंय न्हवं? कशाला ताणतोस?"

पुरुषांना हक्कानं भत्ता मिळाला आणि बायकांना खुशीनं भात.

त्या वर्षी मात्र मावशीचं खरंच बरं चाललं. तिनं बाजारातून मुसळ आणलं. बाभळीचं, तिच्या खांद्याएवढं. सौदा मीच करून दिला. सकाळी त्या वाड्यावरून गेलं की आत कांडणाचा आवाज यायचा. लेक कांडायची, मावशी पाखडायची, पोर कोंड्यात लोळायचं. घरमालक म्हणायचा, माझ्या भिंती हलायला लागल्या. मावशी म्हणायची, "भिताडं तुमची का आमच्या कांडण्यानं हलत्यात? ती आदीपास्नंच हालत्यात की." लेकीच्या अंगावर थोडं मांस दिसायला लागलं होतं. ती आता दारात आलेल्या माणसाशी वर बघून बोलायची. दिराचा निरोप आला की मावशी सांगून पाठवायची, आमचं हितं बरं हाय.

गिरणीत कुरकुर सुरू झाली. बाजार चढायला लागला होता. आमच्या माणसांचा भत्ता हातात पडेपर्यंत हलका व्हायचा, आणि ज्यांना ते हसले होते त्या बायका भात घेऊन घरी जायच्या. "पुढाऱ्यानं बायकांचं कल्याण केलं, आमच्या हातात कागूद दिला," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

पुढच्या सुगीनंतर भाताला चांगलाच भाव आला. एका दुपारी गोदामापाशी लॉरी लागली. भात देण्याचा तोच दिवस होता, म्हणून बायका रिकाम्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत पोती लॉरीत चढली. चढवणाऱ्यांत आमचीच माणसं होती.

मी कचेरीत गेलो. "मालक, भात?"

"संपलं."

"ठरलं हुतं."

"साहेबासमोर काय झालं ते आठव. खुशीनं म्हणालो हुतो. आता खुशी न्हाय."

"तुमच्या तोंडानं बोलला हुता!"

मालकांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "म्हणून तर म्हणत हुतो, हात दे. टावेलाखाली दिलेला शब्द मी आजवर मोडलेला न्हाय. तू तोंडानं मागितलास. तोंडाचं काय घेऊन बसलास?"

समोरचा चहाचा कप मी उचलला आणि भिंतीवर फेकला. त्याच दिवशी माझं काम गेलं. मी फाटकाबाहेर उभा राहून हाक दिली, पाळी बंद करा, बायकांचं भात सुटेपर्यंत कुणी आत जाऊ नका. पुरुष माझ्या अंगावरून आत गेले. काहीजण खाली बघून गेले, काहीजण तेवढंही न करता गेले.

महिन्याभरात चिंचेखाली पुन्हा सभा झाली. वकिलांचा सत्कार. हार, नारळ, शाल. कामगारांना महागाई भत्ता मिळवून देणारे म्हणून त्यांचं कौतुक झालं. बैठका कुणी केल्या, घसा कुणी कोरडा केला, याचा उल्लेख नाही. मी कडेला उभा होतो. सभा सुटल्यावर वकील माझ्यापाशी आले आणि समजुतीनं म्हणाले, "तुम्ही मध्येच तो भाताचा घोळ घातला नसता, तर बायकांचंही पुढच्या फेरीत बघितलं असतं."

ती पुढची फेरी कधी झाली ते मला अजून कळलेलं नाही. पण 'घोळ' हा शब्द मात्र चिकटला. आजही त्या वेळचं कुणी भेटलं की म्हणतं, भत्ता वकिलांनी आणला आणि भात याच्यामुळं गेलं. सुशिक्षित माणसं पेपरात वाद घालतात, गरिबाला रोख द्यावं की धान्य द्यावं. मी दोन्ही मिळवून पाहिलेलं आहे. देणाऱ्याला मनात येईल तेव्हा बंद करता येत असेल, तर काय दिलं याला काही अर्थ नाही.

मावशीनं आणखी थोडे दिवस ओढलं. पाट्या वाढवल्या, एकदा तर चक्कर येऊन शेंगांच्या ढिगावर पडली. मग दिराला निरोप धाडला. मला कळलं तेव्हा ती मोटारस्टँडवर होती. गाठोडं, लेक, लेकीच्या कडेवर झोपलेलं पोर आणि ते मुसळ.

कंडक्टर मोटारीच्या दारात आडवा उभा होता. "बाई, ह्ये मुसळ आत न्हाय जायाचं. टपावर टाका, आणि त्याचं लगेज पडंल."

"टपावरनं पडलं तर कुणाच्या टाळक्यात बसंल?" मावशी म्हणाली. "माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, तिकडं दिराच्या घरी मुसळं काय कमी हायत? ह्ये कशाला वाहतीस?"

"दिराकडं न्हाय रं तम्मा. हिला वाटेत सोडायचीय न्हवं सासरला. तिच्यासंगं देणार हाय."

"तिच्या सासरी भात हाय?"

"भात कुठलं!" तिनं लेकीकडं पाहिलं. लेक खिडकीपाशी जाऊन बसली होती आणि समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होती. ती पुन्हा खाली बघायला लागली होती. मावशी आवाज न चढवता म्हणाली, "वर्षभर कांडलंय तिनं. हातात बसलंय तिच्या. दाराआड असंल तर असू दे."

मी कंडक्टरकडं वळलो. त्या वर्षात माझं काम गेलं होतं, नाव गेलं होतं, ठरवून घेतलेलं भात गेलं होतं. उरलेला सगळा राग मी त्या माणसावर काढला. "पावणं, काठीला तिकीट लागतंय का?"

"काठीला न्हाय लागत."

"मग ह्या म्हातारीची काठी हाय ही."

"ह्येवढी जाड काठी?"

"म्हातारी जड हाय! कुठल्या कायद्यात काठीची जाडी लिवलीय दाखवा. दाखवा की! तवर मोटार हालू देत न्हाय." मी चाकापुढं जाऊन उभा राहिलो. आतली माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, कुणीतरी म्हणालं, "घिऊ दे की गा तिला, उशीर हुतोय." कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि दारातून सरकला.

मावशी चढली. पायरीवरनं वळून म्हणाली, "तम्मा, लई भांडू नगंस. वाळलाईस."

मोटार निघाली. मुसळ आत मावत नव्हतं, म्हणून लेकीनं त्याचं एक टोक खिडकीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी धरलं होतं. वळणावर मोटार दिसेनाशी झाली, तरी ते टोक थोडा वेळ दिसत होतं.